फायनलआधी वाटलेलं पेढं

हॅलो? …दीपमाला? बोल गं बाय. जपानातनं लावलास व्हय फोन? लय नाव काढलंस पोरी, पयली आलीस…

रडतीस कशापायी?

काय? अजून जिंकली न्हाईस? अगं, सकाळी पवताना समद्यांच्या आधी भिंतीला हात लावलास की. आपल्या धाकट्या विश्वजीतनं मोबाईलवर लावलं हुतं…

हीट? म्हंजी?… व्हय… व्हय… म्हंजी ती नुसती निवड. आन खरी शर्यत संध्याकाळी.

आता गं.

न्हाई, कुठं काय… अगं ऐक ना. रागावू नगंस. कंदी पेढं वाटलं आमी. व्हय, समद्या वाडीत. वडूजच्या स्टँडवर बी… विश्वजीतचं स्टेटस बघितलंस व्हय? त्याला म्या म्हणलं हुतं, जरा थांब… न्हाई, खोटं कशाला बोलू. पयला पेढा मीच त्याच्या तोंडात घातला.

आमाला काय ठावं बाय? आखाड्यात पाठ टेकली की कुस्ती संपती. तीच कुस्ती परत संध्याकाळी कोण लावत न्हाई.

आण्णा? गोठ्यात. बहुतेक ऐकलं त्यांनी. पलटणीत वीस वर्सं काढलेला बाप तुझा, लाजून म्हशीला चारा घालतोय. दोनदा घालून झालाय.

हो, हो… अगं ऐक. तोंड दाखवायचं काय त्यात? चूक आमची, वझं तुझ्या डोक्यावर कशाला? गावाला मी सांगते. डावा हात कोपरापातूरच असलेली माझी पोरगी बटरफ्लायला सात जणींच्या म्होरं आली, त्याचं पेढं हुतं. कोण काय बोलतंय बघू. आन संध्याकाळी आठवी आलीस तरी माझी पोरगीच घरी येणार हाय. पदकाला काय मी न्हाऊ घालणार हाय?

…कोण, मी? न्हाई. मी न्हाई बघितली सकाळी… तसं न्हाई गं. चुलीकडं तोंड करून बसले हुते. तुझं डोस्कं पाण्याखाली गेलं की माझा जीव वर-खाली हुतो. आण्णांनी पवाय शिकवाय विहिरीत सोडली तुला, तवापासनं. कवा सांगितलं न्हाई तुला.

…आज?

बरं. बघते.

न्हाई, डोळं मिटत न्हाई. तू वर आलीस की मी बी श्वास घेते. तू खाली, की मी बी थांबते.

बस आली? मग जा… हां… ठेव तू.

न्हाई, तूच ठेव. मला ठेववंना.