नाक दाबून धरल्याबाबत

किशनराव अंबाजी सोनकांबळे, वय ६८ वर्षे, धंदा पूर्वी बुकबाइंडिंग, आता घरीच, राहणार अंबरपेठ, हैदराबाद. दिनांक ९ जून २०१४, सकाळी अकरा वाजता.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मला तेलुगू लिहिता येत नाही, म्हणून जमादारसाहेबांच्या परवानगीने हा जबाब माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. शाळा पाहिली नाही. बांधायला आलेल्या पुस्तकांवरून अक्षरे शिकलो. चूकभूल सांभाळून घ्यावी.

मयत भागूबाई माझी पत्नी, वय ६१. तिच्या नाकामागे, कवटीच्या तळाला गाठ होती. २० मे रोजी सरकारी दवाखान्यात ती नाकावाटे काढली. तळाला भोक पडले, ते मांडीची चरबी आणि पातळ पडदा लावून, वर नाकातलीच कातडी फिरवून बुजवले. मी विचारले, टाके किती? डॉक्टर म्हणाले, "टाके नहीं काका, चिपकाया हूँ." ते मला नीट समजले. जन्मभर तेच काम केले.

३१ मे रोजी सुट्टी मिळाली. वॉर्डातल्या पद्मावती सिस्टर गुंटूरकडच्या, त्यांची दखनी हिंदी थांबत थांबत. वाकू नका, नाक शिंकरू नका, हे त्यांनी हाताने करून दाखवले. शेवटी म्हणाल्या, "छींक आई तो रोको," तेवढ्यात कुणी हाक मारली, तिकडे मान वळवून म्हणाल्या, "नक्को." मी समजलो, शिंक रोखायची, शिंकणे नको. मागाहून कळले, त्यांचे म्हणणे होते 'रोको नक्को', म्हणजे रोखू नका, तोंड उघडून शिंका. कागद दिला होता, तो इंग्रजीत.

३ जूनला दुपारी चारच्या सुमारास शेजारी मिरचीची फोडणी पडली. भागूबाईला शिंका आल्या. मी तिचे नाक-तोंड दोन्ही हातांनी दाबून धरले. खळ ओली असली की आम्ही पुस्तक दाबातच ठेवतो. लागोपाठ तीन वेळा धरले. ती म्हणाली, "अवो, नाक हाय माझं, तुमचं पुस्तक नव्हं." आम्ही दोघे हसलो.

संध्याकाळी तिच्या नाकातून पाणी टपकू लागले. घशात खारट लागतंय म्हणाली. मी पडसे समजून आल्याचा काढा दिला. ५ तारखेला ताप चढला, मान लाकडासारखी झाली. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, "छींक रोके क्या?" मी म्हणालो, "हौ साब, एक बी जाने नै दिया."

डॉक्टर म्हणाले, दाबाने चिकटवलेले सुटले, ते पाणी मेंदूभोवतीचे होते. ८ जूनला सकाळी सात वाजता ती वारली.

मेव्हणा सूर्यभान याने अर्ज दिला आहे की, सिस्टर आंध्रावाली, राज्याची वाटणी ठरली त्या रागाने तिने मुद्दाम उलटे सांगितले. मला म्हणाला, "दाजी, सही करा. अक्कासाठी तरी करा." मी केली नाही. सिस्टर रोज तिची वेणी घालत. राज्य कुणाचे, हे त्या वॉर्डात मी कुणाच्या तोंडून ऐकले नाही. त्यांनी उलटे सांगितले नाही, मी अर्धे ऐकले. पुन्हा विचारायला माझे तोंड कुणी धरले नव्हते.

जमादारसाहेबांनी जबाब माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मराठी त्यांना समजते. म्हणाले, "काका, नाक धरे सो लाइन निकाल देऊं? तुमारेच गले पड़ेगी." मी राहू द्या म्हणालो. ओळ तशीच आहे. बोललो तेच लिहिले, लिहिले तेच वाचले, आणि ते खरे आहे.

सही
किशनराव अंबाजी सोनकांबळे