सपाट वाट

ऐका. आणि तो कंदील जरा इकडं सरकवा, मागं अंधार असला की मला बोलायला सुचत नाही.

आपली खाण कधीच बंद पडली, पण वाट सांगायची ती अजून तिच्याच खुणांनी! खडी फोडायचा क्रशर होता तिथं वळा. कँटीन होतं तिथून वर. अरे, होतं म्हणजे आता कुठाय? नुसती घाणेरी माजलीय! परक्यानं काय कपाळ फोडून घ्यायचं?

तर येसाक्का. दिवस मावळल्यावर खालच्या वाडीतून निघाली. वरच्या वाडीत तिच्या लेकीला, मंजुळाला कळा सुरू झालेल्या. पहिलटकरीण पोर, आणि जवळ बाईमाणूस नाही.

वळणावर आली, तर समोर क्रशर! अख्खा, धडधडत चाललेला.

"आता ह्यो कुणी चालू केला?" येसाक्का करवादली, आणि सवयीनं तिथंच वळली. तिथंच फसली, खरं वळण अजून पुढं होतं! खुणेच्या जागी खूणच उभी, मग शंका कोण घेणार?

पुढं कँटीन. दिवा, भज्यांचा वास. आतून कुणी म्हणालं, "आक्का, च्या घ्या की!"

"लेक अडलीया माझी, आन् तुला च्या सुचतोय?"

चालली. परत तेच कँटीन. पुन्हा चालली. पुन्हा तेच! मग खाणीचा भोंगा वाजला. मागून पावलं, एकाची नाही, अख्खी रात्रपाळी चालत आल्यासारखी. कानाशी परत परत खाणीवरच्या मुकादमाचा आवाज, "चला आक्का, पोचलोच."

"मुडद्या, मघापासनं पोचलोच, पोचलोच!"

ओरडली आणि थबकली. एवढं ओरडूनही धाप कशी नाही? वरच्या वाडीच्या चढाला तरणा गडी कमरेवर हात ठेवून थांबतो. मग चढ गेला कुठं? ह्या डोंगरात सपाट वाट एकच, दगडाच्या गाड्या ढकलायची. ती जाते थेट खाणीच्या तोंडावर!

तिच्या पायाखालचा खडा घरंगळला. आवाजच नाही. मग खूप खालून... डुबुक.

डोळे गच्च मिटले बाईनं. जिकडं पायाला चढ लागला तिकडं घुसली, घाणेरीतून, हातापायांवर.

"आक्का, तिकडं वाट न्हाई!"

"नसंना का!"

चढाच्या धापेनं छाती फुटायला आली, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

दारात पोचली, तर मंजुळा कळांतही ओरडली, "आये, किती उशीर! आन् तोंड कुठं ओरबाडून घेतलंस?"

"गप! जावयाला म्हणावं पाणी तापव."

पहाटे नात झाली.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर त्या वळणाला जाऊ नका. गेलातच आणि चालणं सोपं वाटलं, तर आहात तिथंच खाली बसा. आपल्याकडं घरी जाणारी सोपी वाट नाही. एकही नाही.