खाजा उस्तादांनी न दिलेली रेघ

(लातूर, दुपार. वाद्यवृंदाचे नामांकित संचालक खाजा उस्ताद जाऊन वर्ष होत आलंय. त्यांची लेक रईसा हिनं दार उघडलं खरं, पण पाय उंबऱ्यात रोवूनच. आत तिची मुलगी लायबा. पायरीवर चाकूरचा संगप्पा, साठीतला, काखेत क्लॅरिनेटची पेटी.)

रईसा : वही मिळायची न्हाई. एकदा सांगितलं.

संगप्पा : न्यायची न्हाई ताई. इथंच बसून सगळ्या वाद्यांची पानं उतरून घेतो. उस्तादांच्या बरसीला त्यांनीच बांधलेली चीज वाजवायची हाय. वाजवणारे नवे हायेत, लिहूनच द्यावं लागतंय.

रईसा : असेच तिघं येऊन गेले. अब्बा जिते होते तवा समोर चाळीस वाजवणारे. गेल्यावर चारशे शागीर्द निघाले.

संगप्पा : मी अकरा वर्षं मागच्या रांगेत होतो.

रईसा : मग घरी कसे कधी दिसला न्हाईत?

संगप्पा : उस्तादांनी बोलावलंच न्हाई कधी.

लायबा : अम्मी, निदान आत तरी घे त्यांना. ऊन बघ किती आहे.

रईसा : तू गप बस. हे घ्या, क्लॅरिनेटचं पान. वाजवा.

संगप्पा : पाठ हाय मला. ऐका. (वाजवतो.)

रईसा : बास. बास झालं. भरा पेटी.

संगप्पा : का, काय चुकलं?

रईसा : तिसऱ्या ओळीतला नि. शुद्ध वाजवला तुम्ही.

संगप्पा : पानावर शुद्धच हाय की.

रईसा : असणारच. त्या नि-खालची कोमलची रेघ अब्बांनी मुद्दाम दिली न्हाई. त्यांची एक नवी चीज इथं व्हायच्या आधीच नांदेडात वाजली होती. तवापासून प्रत्येक पानात एक सूर खोटा लिहायचे, अन् खरा तालमीत ज्याच्या त्याच्या कानात सांगायचे. पान चोरणारा बरोबर तिथंच सापडतो. सापडलात तुम्ही.

संगप्पा : सगळ्यांच्या कानात सांगायचे?

रईसा : हाव. एकूण एक.

संगप्पा : मला न्हाई सांगितलं.

रईसा : तिथं असता तर सांगितलं असतं.

संगप्पा : माझी सासुरवाडी नांदेडची, ताई. मेव्हणा त्याच नांदेडवाल्यांत ढोलक वाजवायचा. चीज मी दिली न्हाई. पण कोणी विचारलंच न्हाई, तर न्हाई तरी कोणाला म्हणू?

रईसा : गोष्ट झकास रचता.

संगप्पा : हैदराबादच्या कार्यक्रमात मी हीच चीज वाजवली. त्याची टेप असंल ना? लावून बघा.

लायबा : माझ्या मोबाइलवर आहे. थांबा... ही तिसरी ओळ. अम्मी, ऐकलंस? सगळे कोमल लावतात आणि मागं एकच क्लॅरिनेट शुद्धवर.

रईसा : परत लाव.

लायबा : हीच जागा ना? गाण्याच्या शिकवणीत तू पोरींना दर वेळी ऐकवतेस. म्हणतेस, हे फक्त अब्बांनाच सुचू शकतं.

संगप्पा : मला खटकायचं तिथं. फुंक जरा कमी करायचो. उस्ताद नेमकं तवाच माझ्याकडं बघायचे, पण हटकायचे न्हाईत. मला वाटायचं, त्यांना तसंच पाहिजे.

रईसा : अकरा वर्षं?

संगप्पा : अकरा वर्षं. आज कळलं ते का बघायचे. लई लागलं, ताई. येतो मी. वही ऱ्हाऊ द्या.

रईसा : लायबा, सतरंजी टाक. अन् ती वही काढ. संगप्पाकाका, आत या. तिथला नि कोमल हाय.