लीगची सरासरी आणि मी

बॅट टाक, बॅट टाक, असा आमचा कॅप्टन लिम बेंबीच्या देठापासून ओरडून राहिला होता आणि मी आपला बॅट घेऊनच पहिल्या बेसकडे पळत होतो. काय सांगू तुम्हाला, बेसबॉलमध्ये मारलं की बॅट तिथंच टाकून पळायचं असतं, आणि मी पडलो नागपूरच्या इंदोऱ्याचा, टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेला. बेसवर पोचल्यावर मी सवयीनं बॅट क्रीझमध्ये टेकवली सुद्धा. ही माझी सिंगापुरातली पहिली हिट. चेंडू कुठं गेला म्हणाल तर सरळ समुद्र ओलांडून मलेशियात, तिथं त्याच्याकडे पासपोर्ट मागितला म्हणून परत आला. सुजाता म्हणते, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पायात अडकला होता. तिचं सोडा.

सुजाता म्हणजे आमची मंडळी, इथल्या विद्यापीठात संख्याशास्त्रात संशोधन करते. मी चिप तपासायच्या कंपनीत इंजिनियर. राहतो बुकित बातोकला, आणि रविवारी लीग. त्यात जपानी, तैवानी, अमेरिकन सगळे, भारताचा मी एकटा, म्हणजे देशाची इज्जत माझ्याच बॅटवर. आमच्या टीमचा स्कोअर सुजाता ठेवायची, आणि तिथंच माझा घात झाला. बेसबॉलमध्ये माणसाची किंमत एका आकड्यानं करतात, बॅटिंगला उभं राहून किती वेळा हिट लागली त्याची सरासरी. लीगची एक सरासरी असते, तुमची एक. रविवारी संध्याकाळी विहारात बुद्धवंदनेला आपली मंडळी जमली की मी सांगायचो, तुमचा भाऊ लीगच्या वर आहे बरं. सुजाता खिरीची वाटी पुढं करायची. घरी आल्यावर सांगायची, अहो, तुम्ही खाली आहात, बाहेरचे चेंडू मारायला जाता म्हणून. आता इंदोऱ्यात बाहेरचा चेंडू सोडला तर आपलेच गडी शिव्या घालायचे, ती सवय जाते का?

मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, हा सीझन शेवटचा. सुजातानं आकडेमोड करून सांगितलं, एक हिट लागली तर सगळ्या कारकिर्दीची सरासरी लीगच्या केसभर वर जाते. शेवटच्या मॅचला शेवटची पाळी माझी आली, धावा बरोबरीत, तिन्ही बेसवर आपली माणसं, दोन गडी बाद. पिचरनं तीन चेंडू भलतीकडे टाकलेले, आणि दोनदा मी हवेत बॅट फिरवलेली. आणखी एक भलतीकडे गेला की मला फुकट पहिला बेस, सगळे एकेक घर पुढं, तिसऱ्यावरचा लिम घरी, म्हणजे एक धाव, मॅच आपली. त्याला वॉक म्हणतात, आणि तो सरासरीत धरत नाहीत.

चेंडू आला तो ऑफच्या बाहेर, हातभर, अगदी लाडाचा. असा चेंडू मी झोपेत मारलाय. खांद्यापासून सगळं अंग निघालं होतं हो, बॅट अर्धी सुटली होती, तिला मी कशी आवरली ते माझं मला ठाऊक, मनगटातून आवाज झाला तो चांगी विमानतळापर्यंत ऐकू गेला असेल. सोडला मी तो. अंपायरनं बॉल दिला, म्हणजे भलतीकडचा ठरवला, मी बॅट ठेवली आणि चालत गेलो पहिल्या बेसवर, लंगडत. लिम घरी पोचला, पोरं त्याच्या अंगावर पडली, मग माझ्या अंगावर.

आता खेळणं बंद. गुडघा बरा आहे, एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, पायऱ्या चढवतो, आणखी काय पाहिजे. त्या दिवशी मॅचवरून परतताना बसमध्ये मात्र मी सुजाताला विचारलं, पुढच्या रविवारी वंदनेला लोक विचारतील, माझी सरासरी लीगच्या मानानं किती, तर काय सांगायचं?

ती म्हणाली, थोडी खाली.