पुरे म्हणायचं कुणी?

मला एक सांगा, एवढं छाती फुटेस्तोवर पळायचं आणि गोल फिरून परत तिथंच यायचं, तर मुळात निघायचं कशाला? दादाला विचारलं, तो नुसता हसला. त्याच्या मित्रांना विचारलं, ते बुटाच्या नाड्या बांधायला लागले. आणि मी काही पळणारा माणूस नाही हो, मी आपला पाणी द्यायला गेलो होतो!

आईनंच धाडलं. "दादा गेल्यापासून भिंतीकडं बघत बसलायस. रडत नाहीस, बोलत नाहीस... जा, त्याच्या मित्रांना पाणी तरी देऊन ये. आज पहिल्यांदा जमतायत ते त्याच्याशिवाय." गेलो.

आता ह्यांची पळायची तऱ्हा ऐका. एक दौड जीव खाऊन, मग जरा रमतगमत, परत जीव खाऊन. शहाणी माणसं घड्याळ लावतात. ह्यांच्याकडं दादा होता! कडेला उभा राहून "सुटा!" म्हणाला की हे सुटायचे. आणि थांबायचं कधी? शिंप्याचं तोंड बघून! शिंपी त्यांच्यातला सगळ्यात जाड, सगळ्यात मागं. तो वांग्यासारखा जांभळा झाला की दादा ओरडणार, "पुरे!"

तर त्या दिवशी शिंपी, न्हावी आणि वायरमन, तिघं ट्रॅकच्या रेषेवर वाकून उभे. आणि सुटेना कुणी! वायरमन शिंप्याकडं बघतोय, शिंपी न्हाव्याकडं, न्हावी आभाळाकडं.

"तू म्हण."

"मी कसा म्हणू? तो म्हणायचा."

"मग राहू दे. जमणार नाही आपल्याला. बंदच करू या हे."

बंद? हे मोडलं तर दादाचं उरलं काय हो जगात? मी काही विचारबिचार केला नाही, ओरडलो, "अहो, पळा की!"

पळाले! असे पळाले, जणू मागं कुत्रं लागलंय!

पण आता पुरे म्हणायचं कुणी? मी हसत बघतोय... एक फेरी झाली. दुसरी झाली. न्हावी ओरडतोय, "थांब की लेका!" वायरमन म्हणतो, "आधी तू थांब!" आणि शिंपी? शिंपी जांभळ्याच्याही पलीकडं गेला होता, त्या रंगाला नाव नाही! आणि माझ्याकडं बघत होता, आशेनं. मी तोंड उघडलं... शब्दच येईना. तो दादाचा शब्द होता हो. मी म्हटला म्हणजे दादा गेला, खरंच गेला.

म्हटलं, हातानं धरून थांबवू. आणि धावलो! पायात चपला, दोन्ही काखेत बाटल्या... मी पाणी द्यायला गेलो होतो! शिंपी पुढं, मी मागं. त्याला वाटलं मी त्याला पिटाळतोय, तो आणखी जोरात! चपला एकीकडं, बाटल्या एकीकडं, छातीत नुसता भाता... आणि कुठून कोण जाणे, आतून फुटलं, "पुरे! पुरे रे दादा, पुरे!"

थांबले. गवतावर पडले धपाधप, आणि मी त्यांच्यात. आणि रडलो हो! ओरडून रडलो, नाक-डोळे एक झाले. न्हाव्यानं नुसता पाठीवर हात ठेवला. शिंपी म्हणतो, "रडायला... ह्याच्यात... दम कसा उरलाय?" आणि तुम्हाला सांगतो, रडता रडताच हसू फुटलं. सगळ्यांनाच. एवढे दिवस छातीवर दगड घेऊन फिरत होतो, तो कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला. हवा आत जायला लागली, गार!

पडून राहिलो मग. बराच वेळ. उठेना कुणी. शेवटी वायरमन म्हणाला, "पुढची दौड राहिलीय." आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघता, मी पाणी द्यायला आलोय! तरी बघतायत आपले...

मग काय करता? उठलो, नाक पुसलं, ओरडलो, "सुटा!" आणि मूर्खासारखा सगळ्यांच्या आधी मीच सुटलो.