आंब्याखालचे धर्मरक्षक

आमच्या जुझेकाकाला धर्म बुडायची भारी भीती. कॉलेज सोडल्यावर गावात मला किंमत उरली होती ती चर्चच्या आयताराच्या मीसेत, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, घुमट हा मातीचा ढोल वाजवण्यापुरती. म्हातारा तेवढंही बंद करायला मला ओढत पाद्रींकडे घेऊन गेला.

"मीसेत घुमट? ही इगर्ज, देवाचं घर, की शिगम्याची मिरवणूक? बिशपांना कळवतो मी!"

"बिशपांनीच परवानगी दिलीय, जुझे. दोन आयतार प्रवचनात तेच सांगतोय."

प्रवचन सुरू झालं की काका आणि त्याच्यासारखे सगळे धर्मरक्षक बाहेर आंब्याखाली विड्या ओढत बसतात.

"तिथे ऐकू येत नाही," तो पुटपुटला.

"घुमट येतं ना?" पाद्री माझ्याकडे वळले. "येत्या आयतारी प्रवचन संपलं की जोरात वाजव रे. म्हणजे यांना आत यायची वेळ कळेल."