सत्तावीस आणि एकवीस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले डॉक्टरसाहेब; व्यासपीठावरच्या मेट्रनबाई; ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या सिस्टर; त्यांचे यजमान, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊजी; आणि ड्यूटी बदलून, उरकून किंवा दुसऱ्याच्या गळ्यात घालून इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सर्वात आधी ताजी माहिती देते. मोठ्या सिस्टर आज खरोखरच निवृत्त होत आहेत. या बातमीला आपल्या हेडक्लार्कसाहेबांनी दुजोरा दिला आहे. हॉलच्या दारात मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, सही झाली आहे, शिक्का बसला आहे, आता काय दवंडी पिटू?" एवढं विचारायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. यापूर्वी दोन वेळा सिस्टरांना मुदतवाढ मिळाली, आणि त्यातल्या एका वेळी माझं भाषण पाठ झालेलं होतं. ते वाया गेलं. आजचं वेगळं आहे.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगतात. मी एक चूक सांगणार आहे. मेट्रनबाईंनी आत्ता माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी स्वतःकडे पाहिलं होतं. म्हणून कालच मोठ्या सिस्टरांना विचारून घेतलं. म्हटलं, "ती गोष्ट सांगू का?" त्या म्हणाल्या, "तू सांग. मी सांगायला लागले तर जेवणं थंड होतील."

नर्सिंगबाहेरची पाहुणे मंडळी इथे आहेत, म्हणून आधी आमची एक पद्धत सांगते. डॉक्टर औषध लिहितात ते वजनाच्या हिशेबात: दर किलोला इतकं. औषध बाटलीत असतं ते मिलिग्रॅममध्ये. आणि रोग्याच्या अंगात जातं ते थेंबाथेंबाने. या तिघांची आपसात ओळख करून देणं हे नर्सचं काम. मिनिटाला किती थेंब, हे तिने काढायचं आणि घड्याळ धरून नळीची चकती तेवढीच सैल करायची. थोडं कमी सोडलं तर औषध लागू पडत नाही. जास्त सोडलं तर नको तितकं लागू पडतं.

मोठ्या सिस्टरांचा नियम असा, की जोखमीच्या औषधाचं गणित दोघींनी करायचं, आणि तेही एकमेकींकडे पाठ करून. कॅल्क्युलेटर चालेल, कागद चालेल, बोटं चालतील; फक्त पाठ वळलेली पाहिजे. आकडेसुद्धा उसने घ्यायचे नाहीत. बाटलीवरचं दोघींनी आपापलं वाचायचं, नळीचं पाकीट दोघींनी बघायचं, रोग्याचं वजन दोघींनी आपापलं विचारायचं. मग तीन म्हटलं की दोघींनी एकदम उत्तर सांगायचं. जुळलं तर औषध सुरू.

बाहेरच्या माणसाला हे दृश्य जरा विचित्र दिसतं. एका आजोबांनी आम्हाला असं उभं राहिलेलं पाहून शेजारच्या खाटेवर विचारलं होतं, "या दोघींचं भांडण आहे का हो?" शेजारी म्हणाला, "नाही, तुमचा डोस ठरतोय." आजोबा म्हणाले, "मग भांडण असतं तर बरं होतं."

आता गोष्ट. ही याच वर्षातली आहे. दुपारची वेळ होती, भेटायला येणाऱ्यांना नुकतंच बाहेर काढलं होतं. खालून ट्रॉली आली, आणि ट्रॉलीवर भाऊजी. आमच्या सगळ्यांची सेकंदकाट्याची घड्याळं दुरुस्त करून देणारे, एरवी वॉर्डात आले की प्रत्येकीच्या मनगटाकडे आधी बघणारे भाऊजी. त्या दिवशी कुणाकडेच बघत नव्हते. हृदयाचा जोर कमी पडला होता आणि रक्तदाब खाली चालला होता. आज अध्यक्षस्थानी असलेले डॉक्टरसाहेब तेव्हा ड्यूटीवर होते. त्यांनी रक्तदाब सावरणारं औषध लिहिलं: दर किलोला, दर मिनिटाला, पाच मायक्रोग्रॅम.

मी समोरच्या खाटेवर रक्त चढवत होते. ते सोडून हलता येत नव्हतं. एक सिस्टर रजेवर. म्हणजे गणिताला उरल्या दोघी. एक मोठ्या सिस्टर, म्हणजे रोग्याची बायको. दुसरी आपली पुटपुटी.

पुटपुटी कोण, हे पाहुण्यांना सांगायला हवं. ती मागच्या दाराजवळ उभी आहे, आत्ता खांबामागे सरकली ती. गणित करताना ओठ हलतात म्हणून हे नाव पडलं. तेव्हा तिला नोकरीत कायम करायचं होतं. म्हणजे अजूनही करायचंच आहे, त्याकडे येते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हा अहवाल मोठ्या सिस्टरांनी द्यायचा होता. घरी तिच्या पगारावर म्हातारे आईवडील आहेत. थोडक्यात, त्या दुपारी ती जिच्याकडे पाठ करून उभी राहिली, तिच्या हातात तिची भाकरी होती.

दोघींनी बाटली वाचली. अडीचशे मिलिलीटरमध्ये दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये आठशे मायक्रोग्रॅम. नळी बारीक थेंबांची, एका मिलिलीटरचे साठ थेंब. पाठी वळल्या. पुटपुटीचे ओठ हलले. मोठ्या सिस्टरांचे नाही. त्यांचं झालेलं होतं.

"एक, दोन, तीन."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सत्तावीस."

पुटपुटी म्हणाली, "एकवीस."

खरं सांगायचं तर ती 'एकवीस' म्हणाली हे मला तिच्या ओठांवरून कळलं. आवाज माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

मोठ्या सिस्टर वळल्या. "पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. "एकवीसच येतंय, सिस्टर."

"वजन किती धरलंस?"

"छप्पन्न."

"छप्पन्न?" सिस्टरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती, आणि ती जास्त वाईट. "अगं पोरी, बहात्तर आहे त्यांचं वजन. मला विचारायचं नाहीस का?"

आता बघा. सिस्टरांचं म्हणणं चुकीचं वाटतं का? ज्या माणसाला त्या इतकी वर्षं रोज जेवायला वाढतात, त्याचं वजन बहात्तर, हे त्यांना घरच्या फोन नंबरासारखं पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट कोण बघायला जातं? दुसऱ्या कुठल्याही रोग्यासाठी त्यांनी खाली फोन करून वजन विचारलं असतं. या एकाच रोग्याचं त्यांना माहीत होतं.

पुटपुटी म्हणाली, "मी खाली फोन करून विचारलं. ट्रॉलीसकट एकशे छत्तीस भरलं. ट्रॉली ऐंशीची. मावशींनी सांगितलं."

सिस्टर म्हणाल्या, "ट्रॉली बदलली असेल. जुनी ट्रॉली चौसष्टची होती, तिच्यावरून आणलं असेल."

एकशे छत्तीसमधून चौसष्ट गेले की बहात्तर उरतात. हे त्यांनी तिथल्या तिथे, तोंडी केलं. गणित त्यांचं कधीच कच्चं नव्हतं. त्या दिवशी त्यांना नवऱ्यापेक्षा ट्रॉली हलकी करणं सोपं वाटलं, एवढंच.

पुटपुटीला इथे गप्प बसता आलं असतं. 'हो, ट्रॉली बदलली असेल' एवढंच म्हणायचं होतं. सिस्टर खूश, अहवाल चांगला, आणि सत्तावीस थेंब सुरू. पुढे काय झालं असतं ते डॉक्टरसाहेब माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी साध्या भाषेत सांगते, की आधीच दमलेलं हृदय गरजेपेक्षा जोरात पळायला लागलं असतं. तिने नळीची चकती मुठीत धरली आणि म्हणाली, "सिस्टर, जुळलं नाही तर सुरू करायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

सिस्टर म्हणाल्या, "माझा नवरा आहे तो."

ती म्हणाली, "हो, सिस्टर." पण मूठ सोडली नाही.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. दोघींचं ऐकलं आणि म्हणाले, "थांबायला वेळ नाही. कमी आहे तो आकडा सुरू करा, मी इथेच उभा आहे. आणि खालचा वजनकाटा वर आणा." एकवीसने औषध सुरू झालं. मावशी आणि वॉर्डबॉयने काटा लिफ्टने वर आणला. आधी रिकामी ट्रॉली ठेवली. ऐंशी. मोठ्या सिस्टरांनी काट्याला हलकेच एक चापट मारली. तरी ऐंशी. मग नळीसकट, बाटली हातात धरून, भाऊजींना त्याच ट्रॉलीवर ठेवलं. एकशे छत्तीस.

सगळ्यांच्या आधी बोलले ते भाऊजी. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "अगं, मी सांगणारच होतो."

"काय सांगणार होता?"

"पट्ट्याला तीन भोकं पाडली. दुकानातच, खिळ्याने. भूक लागत नव्हती गं. तू दमून यायचीस, म्हटलं उगाच कशाला."

"डबा रिकामा यायचा तुमचा."

"शेजारचा टेलर खायचा. त्याचं वजन वाढलंय बघ."

मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या मनगटाला हात लावला. नाडी बघतात तशी बोटं ठेवली, पण घड्याळाकडे पाहिलं नाही. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि तो दंड बराच वेळ बघत राहिल्या. रोज समोर होता तो दंड. मी एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण त्यांना कशाकडे तरी पहिल्यांदाच बघताना पाहिलं असं मला तेव्हा वाटलं.

मग त्या सरळ झाल्या आणि पुटपुटीला म्हणाल्या, "एकवीस. बरोबर आहे. आता थेंब मोज, मी बाहेर बसते. मी या खाटेची नर्स नाही." आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या, बाकीचे नातेवाईक बसतात तिथेच. मावशींनी पाणी दिलं आणि सवयीने सांगितलं, "काळजी करू नका हं, इथल्या सिस्टर फार चांगल्या आहेत." त्या 'हो' म्हणाल्या.

भाऊजी आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. सध्याचं वजन मी जाहीर करत नाही, ते खासगी आहे. पण पट्टा नवा आहे. टेलरही आले आहेत, ते शेवटच्या रांगेत.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या नियमांत एक ओळ वाढली: आपल्या माणसाचं गणित आपण करायचं नाही. ती ओळ सिस्टरांनी स्वतः भिंतीवर लावली. जरा उंच लागली आहे, पण राहू दे.

आता पुटपुटीच्या अहवालाकडे येते. मुदत आजची होती. परवा मोठ्या सिस्टर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हा मी एकटीने लिहू शकत नाही. चांगलं लिहिलं तर लोक म्हणतील, नवऱ्याला वाचवलं म्हणून लिहिलं. वाईट लिहिलं तर म्हणतील, तोंडावर चूक दाखवली म्हणून लिहिलं. आणि लोकांचं सोड, माझं मलाच कळत नाही. यात माझा माणूस आहे." मी म्हटलं, "मग काय करायचं?" त्या म्हणाल्या, "पाठ कर."

तर आम्ही दोघींनी, ड्रेसिंगच्या खोलीत, एकमेकींकडे पाठ करून, आपापल्या कागदावर मत लिहिलं. मेट्रनबाई काही कामाने आत आल्या होत्या. त्या काही न विचारता परत गेल्या, त्याबद्दल त्यांचे आभार. तीन म्हटल्यावर आम्ही दोघींनी वाचलं. दोघींचं एकच होतं: 'कायम करावं.' आज दुपारी तो अहवाल ऑफिसात गेला आहे. हे पुटपुटीला आत्ताच कळतंय. कुणीतरी तिला खांबामागून बाहेर काढा आणि खुर्ची द्या.

मोठ्या सिस्टर, तुम्ही आम्हाला औषधं शिकवलीत, नळ्या शिकवल्यात, रोग्याशी बोलणं शिकवलंत. पण स्वतःच्या हाताखालच्या मुलीकडून चूक ऐकून घेऊन, उठून बाहेर जाऊन बाकावर बसणं, हे शिकवण्यासारखं नसतं; ते करून दाखवावं लागतं. ते आम्ही पाहिलं. त्यासाठी आम्ही सगळ्याजणी तुमच्या ऋणी आहोत.

अध्यक्षसाहेबांनी वेळ दिला, मेट्रनबाईंनी माझ्याकडे रोखून बघत का होईना हे सगळं ऐकलं, भाऊजींनी आपल्या आजारपणाची अशी जाहीर वाच्यता होऊ दिली, आणि तुम्ही सगळे थकल्या पायांनी इथे बसलात, याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते माझं अजाणतेपण समजून पोटात घाला.

शेवटी, पुढचं. हेडक्लार्कसाहेब म्हणतात, पुटपुटीच्या नेमणुकीचा हुकूम आठवडाभरात येईल. वॉर्डाची जबाबदारी उद्या सकाळपासून माझ्याकडे आहे. पहिलं जोखमीचं औषध लागेल तेव्हा पुटपुटी आणि मी पाठ करून उभ्या राहू. उत्तर जुळलं नाही, तर ती मूठ घट्ट धरून ठेवेल आणि माझ्या तोंडावर सांगेल, अशी अपेक्षा आहे.

धन्यवाद.